बुटांची माती

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ड्रॉइंग मास्तर खांद्याला पिशवी अडकवून इस्त्रीवाल्या मावशींच्या घरी निघाले. काम साधंच होतं, फोटो मागायचे. शाळेसमोरच्या चौकात मावशींच्या मुलाचा अर्धपुतळा बसवायचा, असं गावानं ठरवलं होतं. मुलाला जाऊन तीन आठवड्यांनी वर्ष होणार होतं आणि त्याच दिवशी सकाळी पडदा ओढायचा होता. मास्तरांच्या हातात नोकरीच्या कागदावरचा एकच फोटो होता, तोही समोरून. समोरून काय, कुणीही बरा दिसतो. नाक किती पुढे आलंय, मान खांद्यात कशी बसलीय, हे बाजूनं पाहिल्याशिवाय कळत नाही.

मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते पुतळे करत. गावातल्या सगळ्या मोठ्या लोकांची मुंडकी त्याच शेडमधून बाहेर पडली होती. जिवंतपणी यातल्या एकानंही आपल्याकडे मान वळवून पाहिलं नाही आणि मेल्यावर मात्र सगळे मी वळवीन तिकडे बघत बसले, असं मास्तर स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

हे काम मात्र त्यांना हसण्यावारी नेता येत नव्हतं. मुलगा त्यांच्या हाताखालून गेलेला. सगळा गाव त्याला बारक्या म्हणायचा. पाचवीत बाकावर बसला की डोकंही दिसायचं नाही, म्हणून पडलेलं नाव. पुढे सहा फुटांचा झाला, फौजेत गेला, तरी बारक्याच राहिला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि मध्ये उभं राहून त्यांना आवरायला त्याची पलटण गेली होती. सहा महिन्यांनी बारक्या पेटीतून परत आला. गाडीखाली सुरुंग फुटला, असं कागदात लिहिलं होतं. पेटीला सील होतं.

मावशींची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. मधोमध जाड टेबल, त्यावर चार पदरी कांबळं, आणि खोलीभर तापलेल्या कापडाचा कोरडा वास.

"बसा मास्तर. एवढी कॉलर होऊ द्या."

कॉलर झाली, बाह्या झाल्या, सदरा घडी होऊन ढिगावर गेला, तेव्हा कुठे मावशींनी हात पुसून डबा काढला. डब्यात तीन फोटो होते. तिन्ही समोरून.

"असं करू या," मास्तर म्हणाले, "कपाळ आणि कान त्यानं तुमच्याकडूनच उचललेत. तुमचीच मापं घेतो. चालेल ना?"

"घ्या बापडे. या तोंडाचं माप घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं."

मास्तरांनी पिशवीतून बाकदार पायांचा कॅलिपर काढला. एक टोक मावशींच्या एका कानशिलावर, दुसरं दुसऱ्यावर. मावशींनी डोळे मिटले. आणि डोळे मिटूनच बोलल्या.

"मला त्याचं तोंड बघू दिलं नाही. साहेब म्हणाले, आई, आठवणीत आहे तसाच राहू द्या. मी म्हटलं, तोंड नको तर हात दाखवा. पायाचं बोट दाखवा. तेही नाही... वर्ष झालं मास्तर, मला वाटतं पेटीत दुसऱ्याच कुणाचं पोर होतं. पडले की तेच येतं डोक्यात, आणि उठून बसते. तुमच्या मातीतून तरी एकदा नीट दिसू दे. मी ओळखीन. तोच होता एवढं कळलं ना, की मी रडून घेईन आणि मोकळी होईन."

मास्तरांनी मापं वहीत लिहिली आणि ते उठले. तेवढ्यात मावशींनी कपाटाखालून एक पोतं ओढलं. पोत्यात बूट होते.

"कपडे धुऊन आले. घड्या चुकीच्या घातल्या होत्या, पण धुतले होते. बुटांना मात्र कुणी हात लावलेला दिसत नाही." त्यांनी बूट उलटे केले. तळव्याच्या जाड खाचांतून काळपट तांबडी माती दगडासारखी बसली होती. "यांच्यातच तो शेवटचा उभा होता. ही माती तुमच्या मातीत कालवा. तेवढंच त्याचं त्यात काहीतरी राहील."

मुरवलेल्या मातीत परकी माती घालणं म्हणजे शिजत्या भातात खडे टाकणं. वाळताना काम तडकतं, फुटतं. हे मास्तरांना चाळीस वर्षांपासून माहीत होतं. पण समोर पोराची आई उभी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मास्तरांनी पोतं खांद्याला लावलं.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी कोरणीनं खाचा खरवडल्या, माती कुटली, चाळणीतून काढली. दोन मुठी निघाली. चाळणीत वर काही केस राहिले. वीतभर लांब, पांढरे. फौजेतल्या माणसाच्या डोक्यावर असे केस कुठून असणार? एखाद्या घोड्याच्या शेपटीचे असतील, असं म्हणून मास्तरांनी चाळणी दाराबाहेर झटकली. माती पाण्यात भिजवून आपल्या मातीत कालवली, तेव्हा गंजलेल्या साखळीसारखा वास सुटला. तो दिवसभर हाताला राहिला. जेवताना मास्तरीणबाईंनी विचारलंही, "काय हो, कुठला नळ दुरुस्त करत होता?"

मंगळवारी सळ्यांचा सांगाडा उभा राहिला, बुधवारी त्यावर माती चढली. आणि काय सांगावं, गुरुवारी दुपारपर्यंत बारक्या समोर येऊन उभा राहिला! मास्तरांना इतकं सोपं काम आयुष्यात कधी गेलं नव्हतं. कपाळ आईचं, कान आईचे, हनुवटीत ती हट्टाची खळी. मास्तर दोन पावलं मागे सरकून पाहत राहिले आणि त्यांना सहावीतला बारक्या आठवला. शांत पोरगं, पण एकदा रागावलं की थांबायचं कुठे ते त्याला कळत नसे. एकदा शेजारच्या मुलाच्या दप्तराला लाथा घालत सुटला होता. आतली पाटी फुटली, डबा चेपला, तरी चालूच. मास्तरांनी ओढून एक कानाखाली दिली तेव्हा तो भानावर आला आणि स्वतःच रडायला लागला.

"आता कुणी मारणार नाही बरं तुला," असं मातीला म्हणत मास्तरांनी तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि ते जेवायला गेले.

परत आले तेव्हा दोन वाजले होते. पत्र्यातून ऊन खाली सांडलं होतं. फडकं जसंच्या तसं होतं, गाठही त्यांनीच मारलेली. त्यांनी ते सोडलं.

डावा गाल आत दबला होता. आणि दबलेल्या जागी आडव्या-तिरक्या खाचांची नक्षी उमटली होती.

मास्तरांना ती नक्षी ओळखायला दोन क्षण लागले. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. बूट पोत्यात होते, पोत्याचं तोंड बांधलेलं होतं. त्यांनी दाराची कडी पाहिली, खिडकी पाहिली, बायकोला हाक मारून विचारलं. कुणी आलं नव्हतं. शेवटी आपणच कधीतरी घाईत बूट टेकवला असेल, असं मनाला पटवून त्यांनी गाल भरून काढला. मन पटलं नाही, पण हात कामाला लागले.

शुक्रवारी नाक एका बाजूला गेलं होतं.

शनिवारी तोंड उघडं होतं. मास्तरांनी ओठ मिटलेले केले होते. आता ते फाकले होते आणि आत पोकळी होती. कोरणी घालून अशी पोकळी करायला अर्धा दिवस लागतो. समोरचे दात नव्हते. गाल बसले होते, डोळ्यांखाली कातडी लोंबत होती, आणि गळ्याशी सुरकुत्यांच्या दोन दोऱ्या ताणल्या होत्या. हा बारक्या नव्हता. ही कुणीतरी म्हातारी होती, आणि ती खालून वर पाहत होती. मास्तर स्टँडच्या डावीकडे गेले तरी तिची नजर वरच लागलेली, उजवीकडे आले तरी वरच.

मास्तरांनी फडकं पुन्हा टाकायला हात पुढे केला. आणि त्यांनाही कळलं नाही कुठून, राग आला. असा राग त्यांना माहीत नव्हता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, पण हा तळपायातच राहिला. उजवा पाय उचलला गेला. शेजारी ओल्या मातीचं पोतं होतं, त्यावर लाथ बसली. मग दुसरी. तिसरी. पोतं फाटलं, माती बाहेर आली, तरी पाय जात होता आणि येत होता. मास्तरांना वाटलं, आता थांबावं. पायाला ते कळवायचं कसं, हे काही सुचेना.

"अहो!"

दारात मास्तरीणबाई होत्या. त्या घाबरून आत आल्या आणि मास्तरांचा पाय त्यांच्याकडे वळला. मास्तरांनी कसाबसा टेबलाचा पाय धरला, स्वतःला त्याच्याशी दाबून ठेवलं आणि ओरडले, "मागे हो! जवळ येऊ नकोस!" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ते बायकोवर असे ओरडले नव्हते. त्या मागे झाल्या. पायातलं जे काय होतं ते हळूहळू उतरलं. अंगठ्याचं नख उलटलं होतं आणि चपलेत रक्त साचलं होतं.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. बूट मावशींना परत करावेत आणि हे काम सोडावं, असं त्यांनी ठरवलं. पण सांगणार काय? तुमच्या मुलाच्या जागी कुणी म्हातारी येते म्हणून? मावशी बिचाऱ्या रोज निरोप धाडत होत्या, झाला का, बघायला येऊ का. मास्तर रोज सांगत होते, ओलं आहे अजून, जरा थांबा.

रविवारी दुपारी ड्रायव्हर आला. हा बारक्याच्या पलटणीतला, शेजारच्याच गावचा. तिकडे त्यांची गाडी तो चालवायचा म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. वर्दीची कॉलर आणि खांद्यावरची पट्टी बरोबर आलीय का ते पाहायला मास्तरांनीच त्याला आठवड्यापूर्वी बोलावलं होतं. धिप्पाड गडी, मोठ्यानं बोलणारा. शेडमध्ये शिरताना म्हणाला, "काय मास्तर, आमच्या बारक्याला जरा गोरा करा, आयुष्यभर तेवढीच हौस राहिली त्याची."

मास्तरांनी फडकं काढलं.

ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला. तो मागे सरला आणि त्याची पाठ पत्र्यावर आपटली.

"ही... ही तुम्ही कुठे पाहिलीत?"

"कोण आहे ही?"

"झाका आधी. मास्तर, झाका तिला."

मास्तरांनी फडकं टाकलं. ड्रायव्हर स्टुलावर बसला. मोठ्यानं बोलणारा तो गडी आता असा बोलू लागला, की मास्तरांना कान पुढे न्यावा लागला.

"घराघरांतून हत्यारं शोधायची होती. एका घराला आतून कडी. आम्ही हाका मारल्या. आतून काठीचा आवाज येत होता, कुणीतरी येत होतं दाराकडे... हळूहळू. बारक्यानं वाट नाही पाहिली. लाथेनं दार पाडलं. दार तिच्या अंगावर गेलं. म्हातारी होती, एकटीच. हत्यार नाही, काही नाही. ती खाली पडून वर बघत होती. आणि बारक्या..."

"बारक्या काय?"

"थांबेचना. मी म्हटलं, अरे बस झालं. दंडाला धरून ओढला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मास्तर, तर रडत होता. म्हणाला, मी नाही रे, हा पाय... आणि लाथा चालूच." ड्रायव्हरनं दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. "शेवटी ओळखायला काही राहिलं नाही तिचं. आम्ही कुणालाच सांगितलं नाही. साहेबांनी सांगितलं, असं काही झालंच नाही."

"आणि सुरुंग?"

"कसला सुरुंग. चार दिवसांनी, सकाळी नऊला, लख्ख उजेडात. तो तंबूत एकटा होता. मी बाहेर गाडी पुसत होतो. आतून आवाज... ठप, ठप. मला वाटलं गादी झटकतोय. बराच वेळ चालला, म्हणून आत डोकावलो. खाली पडला होता. चेहरा म्हणून काही शिल्लक नव्हतं. त्यावर बुटाच्या तळव्याचे ठसे, एकावर एक. तंबूला एकच दार, आणि दारात मी. दुसरं कुणी आत गेलं नाही, बाहेर आलं नाही. आणि त्याचे बूट..."

"हं."

"त्याच्या पायातच होते. नाड्या बांधलेल्या."

मास्तरांना जाणवलं, की ऊन कुणीतरी अडवलंय. दारात मावशी उभ्या होत्या. पडद्याच्या दिवशी घालायचा मास्तरांचा सदरा इस्त्री करून आणला होता, तो दोन्ही हातांवर आडवा धरलेला. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. सगळं ऐकलं होतं, एवढं मात्र त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"केवढी होती रे ती?" त्यांनी विचारलं.

"मावशी, तुम्ही बसा..."

"केवढी होती?"

"तुमच्याएवढी... असेल."

मावशी आत आल्या. चुणी पडू नये म्हणून त्यांनी सदरा नीट, दोन बोटांनी धरून टेबलावर ठेवला. मग त्या स्टँडकडे वळल्या. मास्तर आडवे गेले.

"नका मावशी. तो नाही झाला अजून. वेगळंच काहीतरी..."

"सरका."

मास्तर सरकले. त्यांना वाटलं, मावशींना ती म्हातारीच दिसेल, निदान आपल्या पोराचं ठेचलेलं तोंड बघण्यातून तरी सुटतील. मावशींनी फडकं ओढलं.

म्हातारी नव्हती. बारक्या होता. पण फोटोतला नव्हे. एक डोळा आत गेलेला, जबडा खांद्याकडे सरकलेला, आणि कपाळापासून गळ्यापर्यंत ठसेच ठसे, जुन्यावर नवे, खाचांना खाचा छेदणारे. शाबूत होता तो फक्त उजवा कान आणि त्याच्यावरची कपाळाची कड. मास्तरांनी कॅलिपरनं आईच्या कानशिलावरून घेतलेलं माप.

ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून ओकला.

मावशींनी त्या कानावरून बोट फिरवलं. मग कपाळाच्या कडेवरून. इस्त्रीनं भाजून भाजून घट्टे पडलेली बोटं, पण किती हलकी फिरत होती!

"हाच," त्या म्हणाल्या. "पेटीत हाच होता. माझाच होता." आणि त्यांना रडू आलं. वर्षभर अडलेलं रडू होतं ते, पोटातून वर येणारं. मास्तरांचेही डोळे भरले. त्यांना वाटलं, चला, एवढं तरी झालं.

मग मावशींनी स्टँडला दोन्ही हात लावले आणि तो आडवा लोटला.

मण-दीड मणाचा तो गोळा जमिनीवर धप्पकन पडला. मावशींनी पाय उचलला आणि त्या चेहऱ्यावर आणला. पुन्हा उचलला, पुन्हा आणला. कान गेला. कपाळ गेलं. आतल्या सळ्या वर आल्या, त्यांनी मावशींची पोटरी फाडली, तरी पाय खाली येतच होता. दोन पुरुष दोन बाजूंनी त्यांना धरून ओढत होते. ड्रायव्हरसारख्या माणसाला त्यांनी कोपरानं असं झिडकारलं, की तो टेबलावर जाऊन पडला आणि त्याची भुवई फुटली. आणि हे सगळं चाललं असताना मावशी बोलत होत्या, रडत रडत, लहान पोराला समजावतात तशा.

"वेळ लागतो रे दार उघडायला. गुडघे दुखतात. उठायचं, काठी शोधायची, मग यायचं. वेळ लागतो. एवढंही कळू नये तुला? तुझी आई दार उघडायला किती वेळ लावते, माहीत नव्हतं तुला? वेळ लागतो रे... वेळ लागतो..."

किती वेळ चाललं ते मास्तरांना सांगता आलं नसतं. थांबलं तेव्हा जमिनीवर नुसता चिखल होता, आणि चिखलात रक्त. मावशी स्टुलावर बसल्या. मास्तरीणबाईंनी आणलेलं पाणी त्या घोटघोट प्यायल्या. पोटरीला फडकं बांधून घेतलं. त्यांच्या पायांत रबराच्या साध्या चपला होत्या, झिजून तळ आरशासारखा गुळगुळीत झालेल्या. मास्तरांनी चिखलातल्या ठशांकडे पाहिलं. जाड, आडव्या-तिरक्या खाचा. त्यांनी गोणपाट ओढून त्यावर टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

"मास्तर," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. "आता नवा करा. फोटोतल्यासारखा. गावाला तोच हवाय. मलाही तोच द्या."

पुतळे करणारा माणूस माती कधी फेकत नाही. जुनी माती भिजवून हौदात परत टाकतो. मास्तरांच्या हौदात त्यांच्या पहिल्या पुतळ्याची माती अजून होती. पण या खेपेला त्यांनी होती नव्हती तेवढी माती, हौदातल्यासकट, गाडीत भरली आणि गावाबाहेरच्या जुन्या खाणीत नेऊन ओतली. बूट ड्रायव्हरनं नेले. कुठे टाकले ते त्यानं सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. नवी माती आली, नवा सांगाडा उभा राहिला. काम जड गेलं, रोजच्यासारखं, आणि त्याचाच मास्तरांना आधार वाटला. गाल जिथे ठेवला तिथेच सकाळी सापडायचा. फोटोवरहुकूम पुतळा झाला, प्लास्टरमध्ये ओतला, वरून धातूचा रंग दिला. वेळेत झाला. मास्तरांच्या जिवात जीव आला.

पडद्याच्या दिवशी सकाळी दहाला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेची मुलं रांगेत होती, बँड होता. मावशींची खुर्ची मुद्दाम अगदी चबुतऱ्याला लागून ठेवली होती, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला हुतात्म्याची आई दिसावी. नगराध्यक्षांनी भाषण केलं. शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या या वीराचं पाऊल थांबलं नाही, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. वर्दीत उभा असलेला ड्रायव्हर जमिनीकडे पाहत होता. भुवईवरचे टाके अजून निघाले नव्हते.

पडदा ओढला गेला. ऊन पुतळ्याच्या तोंडावर पडलं. देखणा, हसरा, मिटल्या ओठांचा बारक्या. लोक हळहळले. मास्तरांनी मावशींकडे पाहिलं, त्यांना बरं वाटलं का ते बघावं म्हणून.

मावशी पुतळ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची उजवी मांडी दाबून धरली होती. बोटांची पेरं पांढरी झाली होती. आणि तरीही टाच जमिनीवरून वर येत होती, खाली जात होती, वर येत होती.

मास्तर खुर्च्या ओलांडत धावले. त्यांनी मावशींच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि ती पोटरी दोन्ही हातांनी, छातीशी आवळून धरली. पातळ, हाडकुळी पोटरी, सळीनं फाटलेल्या जागेवर पट्टी बांधलेली. आतून मात्र एखादं इंजिन चालू असावं तसा जोर येत होता. लोकांना वाटलं, मास्तरांना दुःख अनावर झालं. कुणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, आवरा... मी धरलंय. ड्रायव्हर, अरे इकडे ये!"

गर्दीतून ड्रायव्हरला वाट मिळेना. तेवढ्यात बँड थांबला आणि माइकवरून सूचना झाली, की आता सर्वांनी रांगेनं पुढे येऊन चबुतऱ्यापाशी एकेक फूल वाहावं. पहिला मान शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका बाईंचा. बाई ऐंशीच्या पुढच्या. दोघांना शिकवलेलं त्यांनी, बारक्यालाही आणि त्याच्या बापालाही. एका हातात काठी, एका हातात पांढरं फूल. त्या निघाल्या. एक पाऊल, मग काठी, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. सगळा चौक वाट पाहत उभा होता.

मास्तरांच्या मिठीतला पाय त्यांना सगळ्या अंगासकट वर उचलू लागला.

"बाई," मावशी म्हणाल्या. घामानं त्यांचं तोंड निथळत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाई, तुम्ही येऊ नका. इथे वाकू नका... बाई, ऐका..."

मुख्याध्यापिका बाईंना अलीकडे कमी ऐकू यायचं. त्यांनी मावशींकडे पाहून मायेनं मान हलवली, काठी चबुतऱ्याला टेकवली, आणि चबुतऱ्याच्या पायथ्याशी, अगदी मावशींच्या पायाजवळ, फूल ठेवायला सावकाश खाली वाकल्या.